जुन्या मोटारीचें रोगनिदान

वैद्याची खरी कसोटी त्याच्या औषधांच्या पेटींत नसून निदानांत असते, हें आपल्या पूर्वजांस इतकें पटलेलें होतें कीं, माधवकरानें चिकित्सा बाजूला ठेवून केवळ रोगनिदानावर एक स्वतंत्र ग्रंथ रचला, आणि आपल्या वैद्यांनीं तो शतकानुशतकें पाठ केला. घरांत कोणास ताप आला म्हणजे आपण आधीं थर्मामीटर शोधतों, औषध नंतर. परंतु दारांतली मोटार आजारी पडली म्हणजे मात्र शहाणीं माणसेंही हा क्रम विसरतात. गाडी धक्के देते? कार्ब्युरेटर बदला. दिवे मंद झाले? बॅटरी बदला. तरीही गुण नाहीं? मग गाडीच बदला! ह्या तिन्ही उपदेशांत रोग्यास एकही प्रश्न विचारलेला नाहीं, हें चाणाक्ष वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल.

जुन्या मोटारीस जडणाऱ्या विकारांपैकीं दोन विकार विशेष फसवे आहेत. पहिला एंजिनाच्या धापेचा. गाडी उभी असतां एंजिन एका लयींत न चालतां घुमत घुमत चढतें, मग विझूं विझूं होतें, पुन्हां चढतें. आणि रस्त्यावर ॲक्सिलरेटरवरचा पाय स्थिर ठेवला तरी, कोणीं मागून ढकलावें व लगेच ओढून धरावें, तशी गाडी हेलकावे घेते. गॅरेजांतील मंडळी ह्यास 'रेस वर-खालीं होते' किंवा 'गाडी हंटिंग करते' असें म्हणतात. दुसरा विकार विजेचा. दिवे मिणमिणतात, वायपर सुस्तावतो, हॉर्न घसा बसल्यासारखा वाजतो, सेल्फ एखादे सकाळीं उठतच नाहीं, आणि मिस्त्रीपुढें नेली कीं गाडी अगदीं निरोगी! हे दोन विकार निरनिराळे आले तर बरें. ते जोडीनें आले म्हणजे भल्याभल्यांची मति गुंग होते. अशाच एका जोडीची हकीकत आज सांगावयाची आहे.

मी राहतों त्या रबाळ्यास असल्या विकारांचें निरीक्षण करण्याची सोय उत्तम आहे. पश्चिमेस ठाण्याची खाडी, पूर्वेस पारसिकचे डोंगर, मधून जाणारा ठाणें-बेलापूर रस्ता आणि त्याच्या कडेनें पसरलेली औद्योगिक विकास महामंडळाची लांबलचक कारखाना-वसाहत. खाडीवरून येणारी हवा दमट आणि खारट. जूनपासून चार महिने कोंकणचा पाऊस. आणि अवजड वाहनांच्या रांगेंत दर दोन मिनिटांनीं थांबून पुन्हां निघणें. तांब्या-पितळेच्या जोडांवर हिरवा-पांढरा गंज चढविण्यास पहिल्या दोन गोष्टी पुरेशा आहेत; आणि एंजिन मंद गतीनें चालत असतां होणारी त्याची तक्रार उघडकीस आणण्यास तिसरी.

ज्या गाडीविषयीं मी मुख्यतः लिहिणार आहें ती तर ह्या खाडीपलीकडचीच लेक. सोलापूरचे वालचंद हिराचंद ह्यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली व कुर्ल्यास कारखाना घातला. पुढें इटलीच्या फियाट कंपनीशीं सहकार्य झालें. १९६४ पासून 'डिलाइट' नांवाची फियाट ११०० तेथें तयार होऊं लागली, आणि १९७४ च्या सुमारास तिचेंच नामकरण 'पद्मिनी' असें झालें. चार सिलिंडरांचें १,०८९ घन सेंटिमीटरचें एंजिन, सुकाणूच्या खांबावर गिअरचा दांडा, आणि बारा व्होल्टांची साधीसुधी वायरिंग. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तीन-चार पिढ्यांनीं तिच्यांतून प्रवास केला. २००१ च्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें, आणि टॅक्सींच्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळें ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या टॅक्सी-तळांवरूनही नाहींशी झाली. खासगी मालकांच्या दारांत मात्र ती अद्यापि दिसते. तिच्यांत संगणक नाहीं. हा तिचा दोष म्हणून सांगतात. निदान शिकणाऱ्यास तो मोठाच गुण आहे, कारण तिच्या पोटांतलें सर्व कांहीं डोळ्यांनीं पाहतां आणि बोटांनीं चाचपतां येतें.

आमच्या वस्तींतील एका एकत्र कुटुंबांत अशी एक पद्मिनी आहे. घरच्या कर्त्या पुरुषास सारे अण्णा म्हणतात. गाडी त्यांच्या वडिलांनीं घेतलेली. दोन मुलींच्या पाठवण्या, तीन बाळंतपणें आणि आजोबांची शेवटची इस्पितळवारी तिच्यांतूनच झाली. अशा गाडीची किंमत बाजारांत विचारूं नये. गेल्या पावसाळ्यांत तिला धाप लागली. उभी असतां रेस वर-खालीं. रात्रीं पावसांत दिवे व वायपर लावले कीं धक्के. आणि दोनदां तर ऐरोलीच्या पुलावर ती भर रहदारींत बंद पडली. गाडींत त्या वेळीं नऊ वर्षांची नात होती, आणि मागें ट्रकांची रांग. घरच्या बायकांनीं दुसऱ्या दिवशीं गाडींत बसण्याचें साफ नाकारलें, आणि त्यांचें कांहीं चुकलें असें मला वाटत नाहीं.

मग उपचार सुरू झाले. एका मिस्त्रीनें कॉइल, कंडेन्सर आणि प्लग बदलले. दुसऱ्यानें बॅटरी नवी घालविली. तिसऱ्यानें कार्ब्युरेटर उतरवून धुतला, जेट बदलले, पेट्रोलचा पंपही बदलला. प्रत्येक वेळीं दोन दिवस बरें वाटे, तिसऱ्या दिवशीं पूर्ववत्. अखेर निकाल मिळाला: "अण्णा, आतां भंगारांत द्या." त्यांतच नोंदणीची मुदत भरत आली होती. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षें चालते, पुढें दर पांच वर्षांनीं तपासणी करून ती नवी करावी लागते; ह्या कामाची फी एप्रिल २०२२ मध्यें सहाशें रुपयांवरून पांच हजारांवर गेली, आणि ऑगस्ट २०२५ मध्यें वीस वर्षांवरील मोटारींकरितां ती दहा हजार करण्यांत आली. थोरला मुलगा म्हणे, आजारी गाडीवर एवढे पैसे कां घालावे? धाकटा म्हणे, आजोबांची आठवण. अशा वादांत खरा प्रश्न बाजूलाच राहतो. तो हा कीं, गाडीला झालें आहे काय?

वैद्यकांत निदानाचीं पांच साधनें सांगितलीं आहेत: निदान म्हणजे कारण, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. मोटारीच्या बाबतींत ह्यांतलें रूप, म्हणजे लक्षण, तेवढें आपण पाहतों. तेंही नीट पाहत नाहीं. "धक्के देते" हें लक्षण नव्हे. तें गाऱ्हाणें झालें. थंड असतां देते कीं तापल्यावर? उभी असतां कीं पळतांना? चढावर कीं सपाटीवर? दिवसां कीं रात्रीं? टांकी भरलेली असतां कीं तळाशीं पेट्रोल आल्यावर? चोक ओढला असतां वाढतें कीं कमी होतें? ह्या सहा प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं म्हणजे अर्धें निदान हातीं आलें असें समजावें. म्हणून अण्णांस मी इतकेंच सुचविलें कीं, भंगारवाल्यास बोलावण्यापूर्वीं एक वही गाडींत ठेवावी, आणि जो कोणी गाडीनें जाईल त्यानें वेळ, हवा, वेग आणि त्या क्षणीं काय काय चालू होतें तें टिपावें.

वहीची पंधरा दिवसांतली सर्वांत मोलाची नोंद धाकट्या सूनबाईंची. त्या स्वतः गाडी चालवीत नाहींत. शेजारीं बसतात, आणि म्हणूनच कदाचित् त्यांचे कान मोकळे होते. "अण्णा, इंडिकेटर लावला कीं एंजिन त्याच्याच तालावर उचक्या देतें," त्या म्हणाल्या. "दिवसां कळत नाहीं. रात्रीं दिवे असले म्हणजे स्पष्ट कळतें." अण्णा म्हणाले, "तूं हें वहींत लिही, तारखेसह." तीन मिस्त्र्यांच्या तीन बिलांत मिळून नव्हती एवढी माहिती त्या दोन ओळींत होती. वही नजरेखालून घातली तेव्हां एक गोष्ट उघड झाली. उभ्या गाडीची धाप दिवसां-रात्रीं सारखीच होती, दिव्यांशीं तिचा कांहीं संबंध नव्हता. धक्के आणि उचक्या मात्र रात्रींच्या व पावसाच्या नोंदींतच होत्या. म्हणजे ज्यास सगळे एक रोग समजत होते ते बहुधा दोन होते.

वसाहतीच्या मागील गल्लींत एक वृद्ध मिस्त्री आहेत. पत्र्याची लहानशी शेड, दोन पोरें हाताखालीं, आणि खिळ्याला अडकविलेला एक जुना व्होल्टमीटर. त्यांनीं आधीं वही वाचवून घेतली. बॉनेट उघडण्यापूर्वीं रोग्याची हकीकत ऐकणारा मिस्त्री मला तरी विरळाच भेटला आहे.

आतां धापेचें मूळ थोडें समजून घेऊं. हा विकार मोटारीहून जुना आहे. जेम्स वॅटनें १७८८ सालीं वाफेच्या एंजिनास गोळ्यांचा गव्हर्नर लावला. वेग वाढला कीं गोळे फांकत आणि वाफ कमी होई. वेग उतरला कीं मिटत आणि वाफ वाढे. पुढें असे आढळलें कीं, पुष्कळ एंजिनें स्थिर होण्याऐवजीं सारखीं चढ-उतर करीत राहतात. सुधारणा होते, पण ती उशिरानें व वाजवीपेक्षां जास्त होते. मग उलट बाजूची सुधारणा, तीही उशिरानें. ह्याचें गणित थोर शास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल ह्यांनीं १८६८ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें मांडलें. कार्ब्युरेटरच्या मोटारींत गव्हर्नर नसतो, तरी मंद गतींत असलाच झोंका तयार होऊं शकतो. पेट्रोल जळण्यास वजनानें एका भागास हवेचे सुमारें १४.७ भाग लागतात. हवा त्याहून बरीच अधिक झाली म्हणजे मिश्रण अशक्त होऊन कांहीं ठिणग्या फुकट जातात. वेग उतरतो. वेग उतरला कीं एंजिनाची आंत ओढण्याची शक्ति मंदावते, चोरवाटेनें शिरणारी हवा कमी होते, मिश्रण जरा सुधारतें, एंजिन पेट घेऊन चढतें. चढलें कीं पुन्हां चोरवाटेची हवा वाढते. हें चक्र म्हणजेच धाप.

तेव्हां प्रश्न एवढाच कीं, मिश्रण अशक्त आहे हें खरें कशावरून, आणि असल्यास हवा शिरते कोठून? येथें आपल्या वैद्यकांतला उपशय कामास येतो. अमुक दिल्यानें बरें वाटतें काय, हें पाहून रोग ओळखावयाचा. मिस्त्रींनीं एंजिन तापवून मंद चालूं दिलें आणि चोकची खेंच अगदीं बोटभर ओढली. चोक म्हणजे हवेचा मार्ग आंखडणें. धाप तात्काळ थांबली. तापलेल्या एंजिनाला चोक मानवला, ह्याचा अर्थ मिश्रण अशक्तच होतें. तें आधींच सशक्त असतें तर चोक ओढतांच एंजिन गुदमरून काळा धूर ओकलें असतें. नंतर त्यांनीं साबणाच्या पाण्याची पिचकारी घेऊन कार्ब्युरेटरच्या बैठकीभोंवतीं थोडथोडें पाणी मारलें. एका कोपऱ्यावर पाणी पडतांच एंजिन क्षणभर सुरळीत झालें, आणि पाणी आंत ओढलें जातांच पुन्हां धाप. चोर सांपडला. कार्ब्युरेटर वारंवार उतरवून बोल्ट नको इतके आवळल्यामुळें बैठकीची पट्टी किंचित् वांकली होती आणि खालचें गॅस्केट वाळून कडक झालें होतें. मिस्त्रींनीं जाड कांचेवर पॉलिश-कागद ठेवून पट्टी घांसून सपाट केली आणि नवें गॅस्केट घातलें. (कांहीं लोक ही परीक्षा पेट्रोल शिंपडून करतात. तापलेल्या एक्झॉस्टजवळ तसें करणें म्हणजे रोग्याबरोबर वैद्यानेंही सरणावर चढणें होय.)

जातां जातां पेट्रोलाविषयींही लिहिलें पाहिजे, कारण जुन्या गाड्यांचे मालक हल्लीं सर्व पापें त्याच्याच माथीं मारतात. वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल २०२३ च्या फेब्रुवारींत प्रथम विक्रीस आलें, आणि २०२५ पर्यंत तें देशभर सर्रास झालें. इथेनॉलमध्यें प्राणवायु मुळांतच असल्यामुळें त्यास हवा कमी लागते, एका भागास सुमारें नऊ भाग. हिशेब केला तर ह्या मिश्र पेट्रोलाला साडेतेरा भागांच्या आसपास हवा पुरते. परंतु कुर्ल्याच्या कार्ब्युरेटरांतील जेट जुन्या पेट्रोलाच्या मापाचे. म्हणून त्याच जेटमधून मिळणारें मिश्रण सात-आठ टक्क्यांनीं अशक्त होतें. निरोगी गाडी हें सोसते. जिच्या गॅस्केटांतून आधींच हवा शिरत आहे तिला मात्र तें जाणवतें. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेतें, आणि जुन्या रबरी नळ्या व पडदे त्यानें फुगतात किंवा चिरतात. असे कांहीं रबरी भाग जुन्या वाहनांत लवकर बदलावे लागतील, हें केंद्र सरकारच्या पेट्रोलियम खात्यानेंही २०२५ सालीं मान्य केलें आहे. तेव्हां पेट्रोलाच्या नळ्या व पंपाचा पडदा नव्या पेट्रोलास सोसणाऱ्या रबराचे घालून घ्यावे, गाडी महिनोन् महिने अर्ध्या टांकीवर उभी ठेवूं नये, आणि टांकीच्या तळाचें पाणी वर्षांतून एकदां काढावें. एवढें केल्यावर पेट्रोलास शिव्या देण्यास हरकत नाहीं!

धाप गेली, उचक्या राहिल्या. येथून विजेचें प्रकरण सुरू होतें.

विजेच्या बाबतींत मोटारीचा एक विशेष आपल्या घरच्या वायरिंगहून वेगळा आहे. घरांत वीज जाण्यास एक तार आणि परतण्यास दुसरी असते. मोटारींत परतीची तार बहुतेक ठिकाणीं नसतेच. गाडीची लोखंडी बॉडी हीच परतीची वाट. म्हणून प्रत्येक दिव्याचें अर्थिंग, म्हणजे बॉडीशीं त्याचा जोड, हा त्याच्या तारेइतकाच महत्त्वाचा. एंजिन रबराच्या गाद्यांवर बसविलेलें असल्यामुळें तेंही एका जाड विणलेल्या पट्टीनें बॉडीस जोडावें लागतें. ही पट्टी गंजली म्हणजे गमती सुरू होतात. सेल्फ फिरवितांना दीडशें अँपिअर प्रवाह लागतो असें धरा. पट्टीच्या जोडांत ओहमचा केवळ शंभरावा अंश अडथळा आला तरी दीड व्होल्ट तेथेंच खर्ची पडतात. आणि पट्टी अगदींच तुटली तर तो प्रवाह दुसरी वाट शोधतो. चोकची किंवा ॲक्सिलरेटरची बारीक तार त्यास सांपडते, आणि सेल्फ मारतांच ती तार हातास चटका देते. चोकची तार तापणें हें लक्षण ज्यानें एकदां पाहिलें तो एंजिनाची पट्टी कधीं विसरत नाहीं. तसेंच, ब्रेक दाबला असतां मागचा लाल दिवा मंद होऊन शेजारचा इंडिकेटर अंधुकसा पेटतो, तेव्हां त्या बाजूच्या दिव्याचें अर्थिंग गेलें असें बेलाशक समजावें; बल्ब बदलण्यांत अर्थ नाहीं.

अण्णांच्या गाडीचें अर्थिंग मात्र ठीक निघालें. नव्या बॅटरीवर एंजिन बंद असतां १२.६ व्होल्ट होते; एंजिन जरा चढवितां चौदाच्या घरांत. म्हणजे बॅटरी चांगली आणि तिला भरणारा आल्टर्नेटरही चांगला. आधींचे मिस्त्री येथेंच थांबले होते. वृद्ध मिस्त्री थांबले नाहींत, आणि खरी कला ती हीच. ते म्हणाले, "मास्तर, झोंपलेल्या माणसाचा दमा कळत नाहीं. त्याला जिना चढायला लावला पाहिजे." त्यांनीं एंजिन बंद ठेवून चावी फिरविली, मोठे दिवे लावले, आणि व्होल्टमीटरचीं टोकें आळीपाळीनें बॅटरीवर व कॉइलवर धरलीं. बॅटरीवर १२.३, कॉइलवर ९.८! वाटेंत अडीच व्होल्ट कोणीं खाल्ले?

हिशेब शाळेंतल्या मुलासही करतां येईल. दोन मोठे दिवे मिळून साधारण शंभर वॉट, म्हणजे आठ-नऊ अँपिअर, कॉइलचे तीन-चार. बारा-तेरा अँपिअर प्रवाहास अडीच व्होल्ट घट, म्हणजे वाटेंत ओहमचा पांचवा अंश अडथळा. इंडिकेटर पेटला कीं आणखी तीन-चार अँपिअर, आणि दर पेटण्यागणिक आणखी पाऊण व्होल्ट घट. सूनबाईंनीं ऐकलेला ताल तो हाच. आणि बारा-तेरा अँपिअरांवर अशा अडथळ्यांत तीसएक वॉट उष्णता होते, म्हणजे डाग देण्याच्या लहान सोल्डरिंग आयर्नइतकी! मिस्त्रींनीं डॅशबोर्डाखालीं हात घालून तारा चाचपल्या आणि एका जोडावरून हात झटकन् मागें घेतला. बॅटरीकडून येणारी मुख्य तार ज्या जोडापाशीं फुटून एक शाखा दिव्यांकडे व दुसरी कॉइलकडे जाते, तोच तो जोड. वरचें आवरण तपकिरी होऊन ठिसूळ झालेलें, आंत पितळेवर हिरवट थर. गाडी बंद पडण्यापेक्षां हें अधिक भयंकर होतें; आणखी एखाद्या पावसाळ्यांत तें आवरण गळून पडलें असतें, आणि मग डॅशबोर्डाखालीं काय झालें असतें हें सांगावयास नको. जळकी तार कापून नवीन टर्मिनल दाबून बसविलें. पुन्हां मापतां घट पाव व्होल्टाहून कमी. त्या दिवशींचें सारें बिल, गॅस्केटासह, नव्या बॅटरीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी झालें.

तिघे मिस्त्री अडाणी होते असें मी म्हणत नाहीं. त्यांतल्या एकानें विकार विजेचा म्हटला, दुसऱ्यानें पेट्रोलाचा. दोघेही आपापल्या परीनें बरोबर होते, आणि तरी गुण येईना. ह्याचें कारण न्यायशास्त्र शिकलेल्यास चटकन् उमगेल. कार्य एका कारणानें होत नसतें, कारणांची सारी सामग्री जमावी लागते. अशक्त मिश्रणास जोमदार ठिणगी मिळाली तर तें कसेंबसें पेटतें. दुबळ्या ठिणगीस भरपूर पेट्रोल मिळालें तर तिचेंही भागतें. पुलावर गाडी बंद पडे ती दोन्ही एके जागीं आल्यावर, म्हणजे पावसाळी रात्रीं, रांगेंत मंद गतीनें चालतांना. "दिवे मंद आहेत म्हणून बॅटरी गेली" हें अनुमान तर सव्यभिचार हेतूचा शुद्ध नमुना आहे. अग्नि आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असें म्हणणाऱ्यास तापलेला लोखंडी गोळा दाखवितात. बॅटरीस दोष देणाऱ्यास गंजलेला जोड, सैल पट्टा आणि तुटलेलें अर्थिंग दाखवावें. मिस्त्रींच्या भाषेंत हेंच थोडक्यांत झालें: "दुखणीं दोन आहेत, पेशंट एक, म्हणून घोटाळा."

पद्मिनीहून नव्या, म्हणजे २००० सालच्या मागेंपुढें आलेल्या इंजेक्शनच्या गाड्याही आतां जुन्याच झाल्या. त्यांत कार्ब्युरेटर नाहीं, संगणक आहे. परंतु धापेचें तत्त्व तेंच. किंबहुना त्यांत खराखुरा गव्हर्नर आहे, म्हणून वॅटच्या गोळ्यांची आठवण अधिकच होते. थ्रॉटलच्या पाकळीवर साचलेली काजळी, मंद गतीची हवा सोडणाऱ्या लहान झडपेंतील मळ, किंवा चिरलेली एखादी रबरी नळी, हे त्यांतले नेहमींचे चोर. संगणक डॅशबोर्डावर दिवा लावतो आणि यंत्र जोडलें कीं आंकडा सांगतो. पण "मिश्रण अशक्त" हा आंकडा आला म्हणजे ऑक्सिजन सेन्सर बदला, असा त्याचा अर्थ नव्हे. बिचारा सेन्सर बातमीदार आहे. बातमी वाईट आली म्हणून बातमीदार बदलणें हा जुनाच राजेशाही मार्ग, आणि फार खर्चाचा.

अण्णांच्या पद्मिनीची तपासणी झाली, नोंदणी पांच वर्षांकरितां नवी झाली, आणि फीसंबंधीं थोरल्या मुलाची कुरबूरही त्याबरोबर संपली. मिस्त्रींनीं आणखी एक काम आपणहून केलें. मोठ्या दिव्यांचा प्रवाह आजवर डॅशबोर्डाखालील त्या जोडांतून व स्विचांतून फिरून जात असे. त्यांनीं बॅटरीपासून थेट नवी तार, तिच्यांत फ्यूज आणि एक रिले घालून स्विचाकडे केवळ हुकूम देण्याचें काम ठेवलें. दिवे पहिल्याहून उजळ लागतात. ज्यांच्या घरीं अशी जुनी गाडी आहे त्यांनीं हें काम अवश्य करून घ्यावें, आणि फ्यूज उडाला असतां त्याजागीं चंदेरी कागद गुंडाळण्याची जी चाल आहे ती कोणासही करूं देऊं नये. फ्यूज वारंवार उडतो तो कांहीं सांगावयाचें असतें म्हणून. कागद गुंडाळला कीं तो गप्प बसतो, आणि त्याच्या वाटणीचें काम तार करूं लागते. मोठे हॉर्न किंवा जास्तीचे दिवे बसवितांना तर जुन्या तारेस डाग देऊन जोड काढूं नये. त्यांची तार बॅटरीपासून स्वतंत्र घ्यावी, आणि तिचाही फ्यूज बॅटरीलगतच असावा.